रावसाहेबांचे दात

आमच्या रावसाहेबांचे दात मी बिघडवले.

रावसाहेब म्हणजे ससा. माझी मुलगी सुमन आठवीत होती, तेव्हा तिच्या मामाने वळसंगहून तो टोपलीत घालून आणला. दिवसभर काही काम न करता, दोन्ही हात छातीशी धरून, समोरच्याकडे नापसंतीने बघत तो बसायचा. म्हणून सुमनने त्याचं नाव रावसाहेब ठेवलं. तो आमच्या व्हरांड्यात राहायचा, वाळला कडबा आणि लसूणघास खायचा आणि मजेत होता. त्या मजेत मी हात घातला.

त्याचं मूळ माझ्या तोंडात होतं. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. माझी पंचेचाळिशी नुकतीच उलटली होती आणि दोन्ही बाजूंच्या दाढा दाताच्या डॉक्टरने काढून टाकल्या होत्या. आता आमचं घर सोलापूरचं, म्हणजे जेवणात कडक भाकरी. कागदासारखी पातळ आणि कौलासारखी टणक. बायको, सुमन, दोघीही ती कडाकडा मोडून शेंगाचटणीबरोबर खात, आणि मी माझा तुकडा दुधात बुडवून, तो विरघळायची वाट बघत बसे. अशा वेळी समोर रावसाहेब वाळक्या कडब्याचं कांडं करकर चावताना दिसले, की माझ्याच हिरड्या ठणकायच्या! बिचारा मुका जीव, सांगणार कुणाला? मी कुणाचं लक्ष नाही असं बघून माझ्या वाटीतली मऊ भाकरी त्याच्यापुढे सरकवू लागलो. त्याला ती आवडली. मग कडब्याकडे तो बघेना. दोन-तीन महिने आम्ही दोघे एकाच वाटीत जेवलो. (हे मी बायकोला आजवर सांगितलेलं नाही. वाटी तीच आहे.)

मे महिन्यात बायको आणि सुमन पंधरा दिवस वळसंगला गेल्या. निघताना सुमनने वहीचं पान माझ्या हातात दिलं.

"अण्णा, कडबा, लसूणघास, पाणी. दुसरं काही म्हणजे काही नाही."

"बरं."

"बरं नाही. शप्पथ घ्या. मी येईस्तोवर रावसाहेबांना काही होऊ देणार नाही म्हणा."

मी म्हणालो. आणि त्याच दुपारी वाटी सरकवली!

आठवडाभरात रावसाहेबांचा चेहरा बदलला. वरचे दोन दात ओठाबाहेर डोकावू लागले. मला वाटलं, तो माझ्याकडे बघून हसतोय. इतक्या दिवसांच्या सहवासाने ओळख पटली असेल, म्हणून मीही हसलो. आणखी चार दिवसांनी दात हुकासारखे आत वळले, तोंड मिटेना, आणि मग त्याने भाकरीदेखील सोडली. दोन दिवस पोटात काही नाही. सुमन रविवारी येणार होती. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात अर्ज पाठवला : "घरी रावसाहेब अत्यवस्थ असल्यामुळे एक दिवसाची रजा मिळावी." अर्जातला एकही शब्द खोटा नव्हता.

भाजीच्या पिशवीत रावसाहेबांना घालून, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून मी सात रस्ता चौकातून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे रांगेत दोन बैल आणि एक म्हैस. बैलवाल्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

"ससा व्हय? काय झालंय त्याला?"

"दात वाढलेत."

"आन् त्याच्यापायी दवाखान्यात? आमच्याकडं डायरेक पातेल्यात घालत्यात की!"

मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं. रावसाहेबांनी ऐकू नये म्हणून.

डॉक्टर मोठे होते, अंगानेही. बैलाचा जबडा उघडणारे हात. त्यांनी दोन बोटांत रावसाहेबांचं तोंड धरलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

"भाकरी."

"कडक?"

"नाही. दुधात भिजवून."

डॉक्टरांनी सशाकडे पाहिलं, मग माझ्या खप्पड गालांकडे.

"दाढा कुणाला नाहीत हो? ह्याला की तुम्हाला?"

"मला."

"मग ह्याला का शिक्षा? अहो, सशाचे दात जन्मभर वाढतात. चावून चावूनच झिजतात. तुम्ही चावायचं बंद केलंत, वाढायचं कोण बंद करणार?"

मागून बैलवाला मोठ्याने हसला. म्हैसही मान हलवत होती. डॉक्टरांनी एक लहान कातर उकळून घेतली आणि दात कापले. टक्, टक्. दोन तुकडे टेबलावर पडले. प्रत्येक 'टक्'सरशी माझे डोळे मिटले.

"कडबा द्या. लसूणघास द्या. आणि दूध तुम्हीच प्या!"

घरी आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. व्हरांड्यात रावसाहेबांना सोडून मी पुढे कडबा ठेवला. तो दोन पावलं चालला आणि एकदम कुशीवर पडला. मान मागे वळली, डोळे पांढरे झाले, चारही पाय हवेत भराभर चालू लागले. मी किंचाळलो. शेजारच्या घरातला माग खडखडत होता, तो थांबला, आणि नरसम्मा मावशी पदर खोचत धावत आल्या.

"अय्यो! आकडी आली की हो! चप्पल! चप्पल हुंगवा!"

"सशाला?"

"आकडीला काय कळतंय माणूस हाय का ससा! काढा की पायातली!"

माणसाला आकडी आली की नाकाशी चप्पल धरायची, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. सशाला कोणती धरावी, डावी की उजवी, हे विचारायला वेळ नव्हता. मी गुडघ्यावर बसलो, उजवी चप्पल काढली आणि रावसाहेबांच्या नाकाशी नेऊन रडक्या आवाजात ओरडलो, "रावसाहेब! डोळे उघडा, रावसाहेब! सुमनला काय तोंड दाखवू मी?"

मागे कुणीतरी खाकरलं.

आमचे हेडक्लार्क दारात उभे होते. हातात मोसंब्यांची पिशवी. अर्जातले रावसाहेब म्हणजे माझे सासरे, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं, आणि जेवणाच्या सुट्टीत ते समाचाराला आले होते. खांब आड येत असल्याने त्यांना रावसाहेब दिसत नव्हते; दिसत होतो फक्त मी, आणि माझ्या हातातली चप्पल.

"अहो, हे काय करताय? वडीलधारं माणूस!"

"शुद्धीवर येत नाहीत हो!"

"म्हणून चपलेने?"

त्यांनी पुढे होऊन खांबाआड पाहिलं. तेवढ्यात रावसाहेबांचे पाय थांबले. मान सरळ झाली. त्याने डोळे उघडले, समोरच्या चपलेकडे आणि मग हेडक्लार्ककडे नापसंतीने पाहिलं.

"आलं की शुद्धीवर!" नरसम्मा म्हणाल्या. "लई गुण हाय तुमच्या चपलंला!"

हेडक्लार्कनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "रजेवर साहेबांची सही मी स्वतः घेतली. सासरे म्हणून सांगून." मोसंबी कठड्यावर ठेवून ते गेले.

संध्याकाळी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, चपलेचा काही संबंध नाही, आकडी आपली आपण थांबते. उपास, ऊन की भीती, कशाने आली सांगता येत नाही. मला मात्र सांगता येत होतं. दोन दिवस मी लसूणघास बारीक चिरून, एकेक पान त्याच्या तोंडाशी धरून बसलो. शनिवारी दुपारी त्याने एक पान ओढून घेतलं. रविवारी सकाळी करकर असा आवाज आला आणि माझ्या हिरड्या आनंदाने ठणकल्या.

सुमन आली, तिने पायातलं न काढताच रावसाहेबांना उचललं. मी सगळं सांगून टाकलं. वाटी, दात, आकडी, चप्पल.

"भाकरीचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच्या मिशांना दूध लागलेलं असायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, एखाद्या दिवशी देत असाल. तुम्हाला एकट्याला मऊ खायची लाज वाटते ना, म्हणून."

मी मोसंबं सोलून तिला दिलं.

पुढच्या मे महिन्यात त्या दोघी पुन्हा वळसंगला निघाल्या. या वेळी सुमनने वहीचं पान माझ्या हातात न देता नरसम्मा मावशींच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नसे, म्हणून ते मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं :

"रावसाहेब : कडबा, कडक. अण्णा : भाकरी, भिजवून. अदलाबदल झाल्यास चप्पल तयार ठेवावी."

चप्पल कुणासाठी, ते तिने लिहिलं नव्हतं. नरसम्मांना मात्र ते विचारावं लागलं नाही.