डिक्शनरीत बसणारा जावई

इतरांच्या घरी पाहुणे मुलगी पाहायला येत. आमच्या घरी ते परीक्षेला बसत आणि नापास होऊन परत जात. परीक्षक माझे काका, विषय इंग्रजी, आणि पास होणाऱ्याला बक्षीस म्हणून मी.

अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या वाटेला आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेकडेनं झेंडू. वडील पिकवत, आई बाजारात बसून विकी, आणि काका सरकारी कचेरीत बसून नकला उतरून काढत. घरात शिकलेला माणूस तेवढाच. मॅट्रिकला ते इंग्रजीत पास झाले होते आणि बाकी झाडून सगळ्या विषयांत नापास. त्यामुळे इंग्रजीवर त्यांचा फार जीव आणि उरलेल्या विद्यांवर कायमचा राग. काकू लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारल्या. लोकांनी दुसरं लग्न करा म्हणून सांगितलं, तर काकांनी डिक्शनरी आणली.

साधे शब्द त्यांना खपत नसत. जो शब्द दुसऱ्या कोणाला येतो तो शिकून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी कचेरीतल्या एका टिपणात असा काही शब्द घातला की गोऱ्या साहेबाला स्वतःची भाषा शोधायला कपाट उघडावं लागलं. साहेबानं त्यांच्या विद्वत्तेची लगेच कदर केली आणि जुन्या दप्तरांच्या खोलीत बदली केली. तिथं त्यांचे शब्द ऐकायला उंदीर होते. आमचे वडील मात्र ही हकीकत बाजारभर सांगत. "माह्या भावाले असे शब्द येतात, का साहेबालेबी येत नाहीत," असं म्हणताना त्यांची छाती फुगलेली मी पाहिली आहे. बदलीचा भाग ते वगळत.

सकाळी आम्ही मेथीच्या जुड्या बांधायला बसलो की काका बाजेवर चहा घेत शब्द फेकत आणि मी अर्थ सांगायचा. मी मराठी चार बुकं शिकलेली. इंग्रजीत पाणी मागायची वेळ आली असती तर तहानेनं मेले असते. पण माणसाला खिडकीतून बाहेर फेकण्याच्या क्रियेला डिफेनेस्ट्रेशन म्हणतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. आमच्या घराला खिडकी नव्हती.

मी लग्नाची झाले तेव्हा काकांनी वडिलांना सांगितलं, "पोरगं पाहा, शेती पाहा, तुमाले पाह्यचं ते पाहा. मी फक्त दोन शब्द विचारीन." वडिलांना यात काही वावगं दिसलं नाही. त्या काळी सरकारनं आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून दिलेलं होतं आणि त्या सोयरिकीत कोणी कोणाला काहीच विचारलं नव्हतं. त्यामानानं दोन शब्द म्हणजे मोठाच मान.

पहिलं स्थळ अकोल्याचं. मुलगा जिनिंगमध्ये कारकून, डोक्यावर काळी टोपी, खिशाला पेन. मी चहा देऊन आत गेले आणि दाराआड उभी राहिले. काकांनी घसा साफ करून विचारलं, "स्टर्न्युटेशन म्हणजे काय?" मुलानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "सरकारचं एखादं खातं असंल." मला ते उत्तर अजूनही शहाणपणाचं वाटतं. एवढं लांब नाव तेव्हा सरकारशिवाय कोणाला परवडत नसे. पण काका हसले आणि म्हणाले, "शिंक."

झालं. मुलाच्या आत्यानं कपाळाला हात लावला. बोलणीच्या वेळी शिंक म्हणजे अपशकुन, आणि इथं तर मुलीच्या काकानं तोंडानं नाव घेऊन शिंक घरात आणलेली. वडील परोपरीनं सांगत होते की कोणी शिंकलेलं नाही, नुसता अर्थ सांगितला. इंग्रजीतली शिंक आपल्या शुभकार्याला लागते की नाही यावर पाहुण्यांचा वाद टांग्यात बसेपर्यंत चालला. शेवटी लागते असं ठरलं.

दुसरं स्थळ तिवश्याचं, घरची काळी जमीन, खाऊन पिऊन सुखी माणसं. तोवर अकोल्याची बातमी गावोगाव पोचली होती, त्यामुळे हा मुलगा तयारीनं आला होता. काकांनी तोंड उघडलं, "बॉर्बोरिग्मस?" मुलगा ताठ बसून म्हणाला, "शिंक." काकांना त्याची कीव आली. "नाही," ते म्हणाले, "पोटातली गुरगुर." आता मुलाच्या वडिलांनी नुकताच पोह्यांचा तिसऱ्यांदा समाचार घेतलेला, आणि काका बोलताना नेमके त्यांच्याकडे पाहत होते. ते गृहस्थ हात न धुता उठले.

त्यानंतर आमच्याकडे कोणी येईना. आमच्या समाजात मुलगी काळी असली तर चालायचं, हुंड्याला कमी असली तर ओढाताण करून चालायचं, पण काका इंग्रजी असला तर चालत नाही हा नवा नियम माझ्यापासून सुरू झाला. बाजारात भाजी घ्यायला आलेल्या बायका वांगं दाबून पाहता पाहता आईला विचारत, "जमलं का व पोरीचं?" वांगं न घेताच पुढं जात. माझ्या बरोबरीच्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ लागल्या होत्या. मला भीती वाटत होती. तेव्हा मी ती कोणाला सांगितली नाही, आता सांगायला काय जातं. घरात राहून गेलेली मुलगी म्हणजे काय असते ते मी शेजारच्या घरी पाहत होते. तिला सगळे जेवून उठल्यावर हाक मारत, आणि कधी कधी विसरत.

आई मात्र एक दिवस काकांवर उखडली. "भाऊजी, पोट्टीले उजवाचं हाय का तुमच्या डिक्सनरीतच ठेवाचं हाय?"

"वहिनी, मी तिच्यासाठीच तं करून राह्यलो," काका म्हणाले. "अडाण्याच्या गळ्यात काहून बांधाची?"

"तुमच्या हिशोबानं अमरावती जिल्ह्यात तुमीच एक शहाणे. मंग पोट्टी कोनाले देता?"

वडिलांनी मध्ये पडून काकांकडून कबूल करून घेतलं की पुढच्या पाहुण्यांना काही विचारायचं नाही. काकांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाची मान डोलावणं म्हणजे होकारच असतो असं आम्ही अडाणी समजलो.

तिसरं स्थळ अंजनगाव सुर्जीचं. त्यांचे पानमळे होते, विड्याच्या पानांचे. मुलगा, त्याचे आईवडील आणि गाडीवान असे छकड्यानं आले. मी दारातल्या फटीतून पाहत होते. ओट्याच्या कोपऱ्यावर सांभाराची एक जुडी उन्हात पडलेली होती. सगळे तिला ओलांडून आत आले. मुलगा वाकला, जुडी उचलून सावलीत ठेवली, रांजणातलं ओंजळभर पाणी तिच्यावर शिंपडलं आणि हात धोतराला पुसत आत येऊन बसला. कोणी पाहतं आहे का म्हणून मागं वळला नाही. मला तो तिथंच पसंत पडला. एका जुडीवर माणूस पसंत करणं म्हणजे मूर्खपणा, असं शहाणी माणसं म्हणतील. त्यांनी पत्रिका पाहून केलेल्या निवडी मी पुढं पुष्कळ पाहिल्या.

सगळं सुरळीत चाललं. मला पाटावर बसवलं, नाव विचारलं, चालून दाखव म्हटलं, चालले. त्यांनी हात पाहिले, मी दाखवले. मुलाच्या वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. आणि काका म्हणाले, "एकच. फक्त एकच शब्द."

आई आतून खाकरली. वडिलांनी डोळे मिटले.

"अक्झोरियस," काका म्हणाले.

मुलानं क्षणभर काकांकडे पाहिलं. "हे नाही येत जी मले," तो म्हणाला. लाजला नाही, की काही बनवून सांगितलं नाही. पण त्याच्या वडिलांच्या हातातला अडकित्ता थांबला. काकांनी अर्थ सांगायला बोट वर केलं, आणि मला दिसलं की हे बोट खाली येईपर्यंत हाही छकडा रस्त्याला लागलेला असणार.

मग मी बोलले. पाटावर बसलेल्या मुलीनं नाव सोडून दुसरं काही बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. तरी म्हणाले, "बायकोवर अतोनात जीव लावणारा नवरा. शब्द येत नसला तं चालते. माणूस तसा असला म्हणजे झालं."

मुलगा खाली पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मुलाच्या वडिलांनी सुपारी डब्यात परत टाकली. "पोट्टी बोलते," ते म्हणाले आणि उठले. एवढंच. अकोलेकर शिंकेवर उठले, तिवसेकर पोटावर उठले, अंजनगावकर माझ्यावर. निदान या वेळी कारण घरचं होतं.

आईनं मला आत ओढून दंडाला असा चिमटा घेतला की तो महिनाभर हिरवा राहिला. "नाक कापलं व माय तुवं," ती म्हणाली आणि रडायला लागली. वडील ओट्यावर डोकं धरून बसले. काकांनी आत डोकावून मला हळूच सांगितलं, "अर्थ अगदी बरोबर सांगितला." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला त्यांना खिडकीतून फेकावंसं वाटलं, पण खिडकीची अडचण होतीच.

आमच्या घरची एक रीत होती. सोयरीक जमो की मोडो, पाहुणा रिकाम्या हातानं जात नसे. गाडीवान बैल जुंपत होता तोवर मुलाची आई भाजी घ्यायला मागच्या अंगणात आली. मी तिथं डोळे पुसत जुड्या बांधत होते. मी उठू लागले तर तिनं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि स्वतःही समोर टेकली. उन्हातान्हानं रापलेली, हातावर गोंदण असलेली बाई. आत बसलेली असताना तिनं एक शब्द काढला नव्हता.

"तो शबुद कोन्ता होता?" तिनं विचारलं.

मी सांगितला. तिला म्हणता येईना, तिनं नाद सोडला.

"असा मानूस असते कुठी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण त्यायच्या बुकात शब्द हाय."

"शबुद हाय म्हंजे असंलच कोनी तरी. उगाच कोनी शबुद करत नाही." ती जुडीची काडी मोडत बसली. "आपल्यात काय म्हंतात त्याले?"

"बाईलवेडा," मी म्हणाले.

"ते तं शिवी हाय."

"हो."

"अतोनात म्हंजे किती?"

"ते काका सांगत नाहीत. बुकातबी नसंल."

पुढून गाडीवानानं हाक मारली. ती उठली नाही. "मी त्या घरात आलो तवा तुह्याहून लहान होतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, आलो, गेलो, बापईमाणसासारखं. बाकी काही त्यांच्यासारखं मिळत नाही. "अतोनातचं काय घेऊन बसली. मले चिमूटभरबी नाही पाहाले भेटलं. एक डाव इचारलं नाही कोनी, का बाई, दमली का." मग पदरात मेथी आणि वांगी भरून घेतली आणि उभी राहिली. "तू ये. पोट्ट्याले मी शिकवतो."

तिनं आपल्या नवऱ्याला कसं वळवलं ते मला कधी कळलं नाही. त्या आठवड्यात अंजनगावला त्यांच्या घरची चूल पेटली नव्हती असं मागाहून कोणी तरी सांगितलं, आणि सासरे उपाशी राहणाऱ्यातले नव्हते. पसंतीचा निरोप आला. काकांनी सगळ्या वऱ्हाडाला सांगून ठेवलं की नवरदेवाला आपण ग्रेस मार्कांवर पास केलं आहे, आणि वर हेही की मुलीचा वाटा मोठा होता.

लग्नानंतरचा तिथला माझा पहिलाच दिवस. पुरुषांची पंगत उठली होती. सासरे हात पुसत ओसरीवर गेले. मी आणि सासूबाई चुलीपुढं बसलो होतो, आमच्या भाकरी अजून व्हायच्या होत्या. सासूबाईंनी मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, "तिले इचार."

तो दारात उभा राहिला. माझ्याकडे पाहायची त्याला लाज वाटत होती म्हणून भिंतीकडे पाहून म्हणाला, "जेवली का?"

"नाही," मी म्हणाले.

त्याला पुढं काय म्हणायचं ते शिकवलेलं नसावं. मग आपल्या मनानंच आईकडे वळला आणि म्हणाला, "अन् माय, तू?"

सासूबाईंनी तोंड चुलीकडे फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. धुराचं निमित्त सांगायला लाकडं तरी ओली पाहिजेत. ती चांगली वाळलेली होती. त्या रडत होत्या, आणि तव्यावरची भाकरी करपत होती, आणि ती उलटायचं आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचलं नाही.