धुक्यातला एक गुण

एल्गिन बॉल्डॉकनं आयुष्यात एक मोठी गोष्ट केली, असं अख्खं पोर्ट हॅलम मानत होतं. ती आपण खरंच केली का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आता बोला!

तरुणपणी तो आठवडाभर काचकारखान्याच्या भट्टीसमोर राबायचा आणि शनिवारी गावाच्या हेरन्स संघातून फुटबॉल खेळायचा. मिळायचं काय? एक वेळचं जेवण, बूट आणि सोमवारी उशीर झाला म्हणून फोरमनच्या शिव्या. धिप्पाड गड्यांत हा काटकुळा. त्याचं काम एकच, चेंडूला लाथ घालायची.

अंतिम सामन्यात शेवटच्या डावाला दोन्ही संघ बरोबरीत होते. चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या फुटबॉलात लाथेनं मारलेला चेंडू समोरच्यांच्या गोलपट्टीत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला आणि त्यांना तो बाहेर काढता आला नाही, की एक गुण मिळतो. तेवढाच हवा होता. सरोवरावरून धुकं असं उतरलं होतं, की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. एल्गिननं लाथ घातली. चेंडू धुक्यात गेला तो गेलाच. थोड्या वेळानं पंचानं हात वर करून एक बोट दाखवलं आणि हेरन्स जिंकले. पुढच्या हंगामाआधी कारखाना बंद पडला, गडी पोटापाण्यासाठी पांगले, संघ मोडला.

आता त्या मैदानावर सुपरमार्केट आहे. त्याच्या दाराशी त्या विजयी संघाच्या नावाचा दगड बसवायचं गावानं ठरवलं. पडदा ओढायला हेरन्सपैकी उरला होता फक्त एल्गिन.

त्याच सुमारास मर्डो पेट्री गावात लेकीकडे राहायला आला. त्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाकडून गोलपट्टीत उभा होता, तो हाच. शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत असते, तिथे एल्गिननं त्याला गाठलं.

"खरं सांग मर्डो, चेंडू गेला कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या हातात आला. मी लाथ घालून परत धाडला. तुम्हीही तेच केलं असतं. पण पंचानं बोट वर केलेलं, माझं ऐकतो कोण?"

"परत कुठे धाडलास?"

"तुमच्याकडे. मला काय दिसतंय डोंबल?"

एल्गिनला एकदम आठवलं. त्या धुक्यात काहीतरी धपकन त्याच्या बुटापाशी पडलं होतं. बाकावरून कुणीतरी जादाचा चेंडू फेकला असेल, असं समजून त्यानं तो काखेत मारला आणि निकालाची वाट बघत उभा राहिला.

"तो माझ्याकडे होता," तो म्हणाला.

"तुझ्याकडे? अरे गाढवा, मग खेळ चालूच होता. पळत आमच्या गोलपट्टीत शिरला असतास तर सहा गुण!"

"पण पळणार कुठल्या दिशेला?"

"हं. तेही खरंच," मर्डो म्हणाला आणि त्यानं एल्गिनच्या ताटलीतले बटाटे उचलले.

एल्गिनचं डोकं भणभणलं. मिळालेला गुण खोटा, मिळू शकणारे सहा काखेत. मग जिंकलो की हरलो? खोट्या विजयावरचा पडदा आपण कोणत्या तोंडानं ओढायचा? घरी त्याची बायको व्हर्ना म्हणाली, "साठ वर्षं जिंकून झालंय तुझं. आता हरून काय करणार आहेस?"

समारंभाला निम्मं गाव लोटलं. एल्गिननं दोरी हातात घेतली आणि तो थांबला. "आम्ही जिंकलो की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. लोक हसले. काय हा साधेपणा, म्हणाले, टाळ्याही वाजवल्या. त्याला रडू यायला लागलं. एवढ्या माणसांत एकालाही त्याचं म्हणणं कळलं नव्हतं.

त्याची नजर मर्डोला शोधत होती. तो मागे ट्रॉल्यांपाशी उभा होता. त्या दिवशी हरून रडत घरी गेलेल्यांपैकी तोही बहुधा एकटाच उरलेला. मर्डोनं डोक्यावरची टोपी काढली. मग हात सरळ वर केला आणि एक बोट दाखवलं.

थट्टा करतोय की गुण देतोय, एल्गिनला काही केल्या कळेना. पण त्यानं दोरी ओढली.