दुसरा चिंचोका

या, असे जवळ बसा. 'कामगाराच्या चुकीने एकाचा मृत्यू' एवढं वाचून तुम्ही पान उलटलंत ना? ही सवय बरी नाही तुमची. मीही उलटलं असतं... पण तो 'एक' म्हणजे आमचा प्रवीण. परभणीकडचा, पिरंगुटच्या एका कारखान्यात मशीनची देखभाल करणारा, चार वर्षं भुकूमला आमच्या वरच्या खोलीत राहिलेला.

सुट्टीला तो फरशीवर खडूनं गोल आणि रेघा काढत बसायचा. म्हटलं, "लग्नाची रांगोळी गिरवतोस व्हय?" तर म्हणाला, "काकू, पेट्री नेट म्हणतात याला. चिंचोके आणा." गोल म्हणजे स्थिती, रेघ म्हणजे घडणारी गोष्ट. रेघेकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत चिंचोका असेल तरच ती गोष्ट घडते, आणि मग चिंचोके पुढच्या गोलांत जातात. एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांच्या आड कुठं येतात, ते असं डोळ्यांना दिसतं. मधल्या गोलात परवानगीचा एकच चिंचोका. माणसानं तो उचलला की पत्रा दाबणारा प्रेस खाली येणार नाही, प्रेसनं उचलला की माणसानं थांबायचं.

मी म्हटलं, "ह्ये आमच्या पाण्याच्या सामाईक मोटारीच्या किल्लीवानी हाय. जिची पाळी तिच्या कमरंला किल्ली, बाकीच्यांनी वाट बघायची." लई खूश झाला. मग मी आपलं विचारलं, "पर लाइट जाऊन आली, तर चिंचोका कुटं असतोय?"

तो चिंचोके पुन्हा पुन्हा मांडत बसला. जेवलाही नाही नीट. लाइट आली की मशीन सगळं नव्यानं सुरू करायचं आणि मधल्या गोलात नवा चिंचोका टाकायचं... आत गेलेल्या माणसाकडे पहिला असतानाच. म्हणजे प्रेस खाली यायला मोकळा.

त्यानं ते सगळं कागदावर काढून साहेबांना तीनदा दाखवलं. साहेब म्हणाले, "चित्रकला घरी करत जा." मी चिडले. "मंग तू जाऊच नगंस त्या मशिनीत."

"मी नाही गेलो तर दुसऱ्याला पाठवतील, काकू. त्याला तर हे ठाऊकही नाही."

याचाच मला त्याचा राग येतो. आणि तरी मी त्याला जाऊ दिलं, याचा माझा मला.

अडकलेला पत्रा काढायला तो आत गेला. लाइट गेली, आली. चौकशीच्या अहवालात लिहिलं, त्यानं सूचना पाळल्या नाहीत. त्याची आई खोली आवरायला आली, तिनं मला विचारलं, "पोरगा वेंधळा होता का हो, बाई?" मी तिच्यासमोर चिंचोके मांडले. ती म्हणाली, "हे तिथल्या माणसांनी सांगायला पाहिजे."

खरंच आहे. आठवी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतंय? पण त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पोरांनो, त्या पाळीत तुम्ही सहाजण होतात. लाइट गेली ते तुम्ही पाहिलंत, आणि अहवालात लाइटीचा शब्द नाही. प्रेस परत चालू केलाय म्हणे, तसाच. आता कुणाला आत पाठवताहेत? नोकरीची भीती मला कळते. एकेकटे आलात तरी चालेल. त्याची आई अजून परतलेली नाही, त्याच्याच खोलीत राहतेय. तिच्यासमोर बसून त्या दिवशी काय झालं तेवढं सांगा. लवकर या, बाबांनो.