भोंगेवाले काकांचं ऐलान

भोंगेवाले काका घरात इतकं हळू बोलत, की समोर बसलेल्या काकूंनाही "काय म्हनलं?" असं दोनदा विचारावं लागे. तेच काका ऑटोत बसून हातात माईक घेत, तेव्हा आदिलाबादकडच्या आमच्या बोथ गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चुलीवरची भाकर उलटायची राहून जाई. काकू म्हणायच्या, "यायचा सारा आवाज गावातच खर्च होते. घरी नुसतं तोंड हालते." यावर काका काहीतरी उत्तर देत. ते कोणालाच ऐकू येत नसे.

त्यांच्या ऑटोच्या टपावर पत्र्याचा जुना भोंगा होता. साड्यांचा सेल, पोलिओचा डोस, कोणाच्या घरचं मरण, जयंतीची मिरवणूक, हरवलेली बकरी, सगळं त्या भोंग्यातून गावाला कळे. आधी मराठीत, मग तेलुगूत, मग हिंदीत. या कामाला काका 'ऐलान' म्हणत. निजामाच्या काळापासूनचा शब्द, आमच्याकडे अजून चालतो. अलीकडे सगळे मोबाइलमध्ये आवाज भरून तोच दिवसभर वाजवतात. काकांना ते मंजूर नव्हतं. "रेकॉर्डिंगले कोनी सवाल पुसू शकते काय?" असं ते म्हणत. लोक खरंच त्यांचा ऑटो थांबवून प्रश्न विचारत, आणि काका माईक बाजूला ठेवून उत्तर देत.

आणि काका खोट आधी सांगत. कापडवाल्याने सेलचं ऐलान दिलं, तर काका गल्लीत ओरडत, "साड्या चांगल्या हायत, पन रंग पयल्या धुन्याले जाते. पयल्या वेळी येगळी धुवा." कापडवाला धावत आला. "काका, मी याचे पैसे देऊन राह्यलो काय तुमाले?" काका म्हणाले, "बाया दुकानात पाय ठेवतीन ते माया बोलन्यावर. उद्या रंग गेला का तू दुकानात बसशीन, शिव्या मले खा लागतीन." त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. कापडवाला पुढेही त्यांच्याकडेच येत राहिला.

माझ्याबाबतीतही त्यांनी असंच केलं. आठवीत शाळा सुटली. वडील नव्हते, आई अंगणवाडीत मदतनीस. मी जन्माचा भित्रा. कोणी मोठ्याने हाक मारली तरी आपलं काही चुकलं असं मला वाटे. काका मला फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात घेऊन गेले आणि मालकाला माझ्यासमोरच म्हणाले, "शाळा सोडेल हाय. भेकड हाय. एक काम दोनदा सांगा लागते. पन एकदा समजलं का मंग पाहाचं काम नाही." मी मान खाली घालून उभा होतो. मालकाने ठेवून घेतलं. आज मी मस्कतजवळ कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात मशीन चालवतो. कोणी विचारलं की तुला काम कोणी शिकवलं, तर मी मालकाचं नाव सांगतो. कामाला कोणी लावलं विचारलं, तर काकांचं सांगतो, आणि ते सांगताना माझी मान जरा ताठ होते.

चांदी मला त्याच फाट्यावर सापडली. लॉरीने उडवलेली पांढरी कुत्री दुकानाच्या टायरांमागे येऊन पडली होती. मी तिला पोत्यात गुंडाळून टेम्पोने आदिलाबादला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मागचा एक पाय काढावा लागला. गुंगीतच तिला घरी आणलं. आई आधी रागावली, मग तिनेच हळद-दूध सुरू केलं. जखम भरली, अंगावर चकाकी आली, म्हणून चांदी.

ती नाचत नाचत अंगणभर फिरायला लागली आणि माझा मस्कतचा व्हिजा आला. मी गेल्यावर आई माझ्या बहिणीकडे आदिलाबादला राहणार होती. वरच्या मजल्यावरची खोली, उभा जिना. चांदी तिथे चढू शकत नव्हती. मी आईला सांगितलं, हिला घर मिळाल्याशिवाय मी जात नाही. आई रडायला लागली. एवढी हातची नोकरी जाईल म्हणून ती रडत होती. एजंट रोज फोन करत होता, आणि मी रोज त्याला काहीतरी सांगत होतो. रात्री झोप लागत नव्हती.

काका म्हणाले, "मीच ठेवली असती रे. पन माया दारात ऑटो चालू झाला का हे थरथरते." ते खरं होतं. मग तेच म्हणाले, "ऐलान करू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून गावात फिरलो. काका बोलायला लागले.

"बोथच्या भाऊबहिनींनो, ध्यान द्या. एका कुत्रीले घर पायजे. कुत्रा नाही, कुत्री हाय. मांगचा एक पाय नाही. लंबं पळता येत नाही. गाडीच्या आवाजाले भेते. रातच्याले पान जरी हाललं तरी भोकते. शिळ्या भाकरीले तोंड लावत नाही. ज्याले हे सारं चालन, त्यानं भोंग्याच्या घरी यावं."

मी कळवळून म्हटलं, "काका, भाकरीचं तरी कायले सांगता?"

"घरी नेल्यावर समजनच न त्याले. मंग आत्ताच समजू दे."

संध्याकाळी मी चांदीला घेऊन काकांच्या अंगणात बसलो, तर तिथे आणखी चार कुत्री जमा झाली. एक म्हातारे गृहस्थ लंगडतं कुत्रं सुतळीला बांधून घेऊन आले. "घ्या भाऊ, तुमचं. बसस्टँडमांगं सापडलं." मटणाच्या दुकानातला एकजण आणखी एक घेऊन आला. बोथमध्ये जनावराचं ऐलान म्हणजे जनावर हरवलं, हे इतक्या वर्षांत पक्कं झालेलं. लोकांनी 'कुत्री', 'पाय नाही', 'भोंग्याच्या घरी' एवढं ऐकलं आणि शोधायला निघाले. काकांनी एका कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"अरे, याले तर चारी पाय हायत."

"काका, एक जरासा आखूड हाय. नीट पाहा."

माझा धीर सुटला. एकीला घर मिळेना आणि अंगणात पाच. काका मात्र खुशीत होते. "पाह्य बाबू, गाव किती कामाचं हाय आपलं. न हरवेल बी शोधून आनते." आणलेल्या प्रत्येकाला काकूंनी चहा दिला आणि प्रत्येक कुत्रं जिथून आणलं तिथे परत सोडायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या ऐलानाचं पहिलं वाक्य बदललं. "हरवली नाही. घरीच हाय. शोधू नका."

मग मोटारीतून एक साहेब आले. नवीन बंगला, फाटक, बायकोला पांढरी कुत्री आवडलेली. काका एकेक खोट सांगत गेले आणि साहेब प्रत्येकीला "चालेल, चालेल" म्हणत गेले. मी तर दोरी सोडायला घेतली होती. काकांनी विचारलं, "साहेब, तुमची गाडी कुठी उभी राह्यते?"

"दारातच. होईल सवय तिला."

"आन् रात्री भोकली तं?"

"नाही हो भुंकणार. घर मिळालं की शांत होतात."

काकांनी हात जोडले. "माफ करा साहेब. याच्यात नाही जमनार."

मोटार गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांवर चिडलो. "काऊन नाही म्हनलं काका? एवढं मोठं घर होतं. माया हातून सारंच जाऊन राह्यलं." काका त्यांच्या घरच्या आवाजात बोलले, मला जवळ सरकावं लागलं. "तेले वाटते सारं मिटन म्हनून. हिचा पाय उगवनार हाय काय? हिचं भेव जानार हाय काय? नाही मिटलं म्हंजे मंग हे परत रोडवर." एजंटचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही.

बाजाराच्या दिवशी सुलोचनाबाई आल्या. भाजीवाल्या, वांगी आणि मिरची घेऊन बसत. माल विकून रिकामं झालेलं टोपलं कमरेवर तसंच होतं. अंगणात उभं राहूनच विचारलं, "भोंगेवाले भाऊ, ते भोकनारी कोनती?"

"हेच."

"रातभर भोकते?"

"रातभर."

"उठून पळत नाही न?"

"पळन कशी बाई? पाय कुठी हाय?"

तेव्हा त्यांनी टोपलं खाली ठेवलं आणि बसल्या. त्यांच्या वावरात रानडुकरं येत. दोन कुत्रे पाळले होते, दोन्ही तगडे. डुकरांच्या मागे पळत पळत मोठ्या रोडवर गेले आणि लॉरीखाली आले, आधी एक, मग दुसरा. "मले पळनारं नको भाऊ. मले एका जागी बसून बोंबलनारं पायजे. डुकराले आवाजाचंच भेव असते."

काकांनी आठवण दिली, "कुत्री हाय बाई, कुत्रा नाही."

"मंग? मी कोन हावो?"

"शिळी भाकर खात नाही."

"मी बी खात नाही. तिले कायले नाव ठेवू?"

काकू आतून हसल्या. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी पाय दुमडून बसण्याची जागा नीट केली आणि म्हणाले, "आमच्या पोरीच्या खोटी तुमी ऐकल्या. आता तुमच्या घरची सांगा."

सुलोचनाबाईंना राग येईल असं मला वाटलं. त्यांनी थोडा विचार केला. "सासू," त्या म्हणाल्या. "कुत्र्याचा केस बी चालत नाही तिले. ओसरीवर पाय ठेवू देनार नाही."

"मंग झोपन कुठी हे?"

"मी तरी घरी कुठी झोपतो? पीक उभं असलं का रात्र वावरातल्या माळ्यावर. हे खाली राहीन, मी वरतं. दोघी मिळून बोंबलू."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. चांदी सुलोचनाबाईंचं रिकामं टोपलं हुंगत होती.

वावर गावाच्या टोकाला होतं. तीन पायांवर तेवढं चालणं तिला झेपणारं नव्हतं, आणि ऑटो चालू केला की ती थरथरणार. काकांनी किल्ली काढून खिशात टाकली. "बसव तिले. तू ढकल." मागच्या सीटवर सुलोचनाबाई आणि त्यांच्या मांडीला टेकून चांदी, पुढे हँडल धरून काका, मागून मी. मधल्या बाजारातून आम्ही निघालो.

काकांचा ऑटो आणि आवाज नाही, असं बोथने कधी पाहिलंच नव्हतं. लोक दुकानांतून बाहेर आले. "काका, पेट्रोल संपलं काय?" "अरे, काकाचा गळा बसला वाटते." काकांनी माईकला हात लावला नाही. भोंगा चालू होताना जो चिरका आवाज निघतो, त्याने ती दचकली असती. जो विचारेल त्याला ते हळू आवाजात सांगत, आणि लोक ऐकायला ऑटोत डोकं घालत. किराणा दुकानातले तेलुगू शेठ पायरी उतरून आले. "एमैंदी अन्ना?" काय झालं म्हणून विचारत ते वाकले. काका त्यांच्या कानाशी तेलुगूत काहीतरी बोलले. शेठ सरळ झाले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माझ्या शेजारी येऊन ढकलायला लागले. मग न्हावी आला, मग तोच कापडवाला. चढावर तर मला हात लावायलाही जागा राहिली नाही. मी नुसता मागून चालत होतो. एवढी माणसं एका कुत्रीसाठी ऑटो ढकलतायत, कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि पुढे काका मान वळवून वळवून तिच्याशी बोलतायत. ते काय बोलत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चांदी मात्र त्यांच्याकडे कान करून बसली होती. माझ्या गावाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

तरी माझी काळजी संपली नाही. काही दिवसांनी मी काकांना म्हटलं, एकदा पाहून येऊ. आम्ही चालत गेलो, दिवस मावळतीला. मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, हाक मारली. माळ्याखालून चांदी उठली, उड्या मारत आली, माझा हात चाटला, काकांच्या धोतराचा वास घेतला. मी खाली बसून तिला कुरवाळू लागलो. मनात आलं, हिला परत घेऊन जावं, नोकरी गेली तर गेली.

तेवढ्यात मिरचीच्या वाफ्यातून सुलोचनाबाईंनी हाक दिली, "ये वो चांदे."

चांदीने माझ्याकडे पाहिलं, शेपूट हलवली, आणि वळून वाफ्याकडे गेली. मागे पाहिलं नाही. तिकडे मिरच्या झाकायच्या पोत्यावर गोल फिरून बसली.

मी उभा राहिलो. काकांनी धोतराला चिकटलेले गोखरू काढले, शांतपणे, एकेक. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चाल बाबू. तुई माय वाट पाहून राह्यली असन."

घरी येऊन मी एजंटला फोन लावला.