बेडा अण्णा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, रोज दुकानात चहाला येणाऱ्या दोस्तांनासुद्धा नाही. तुम्ही समोर बसलाय असं समजून सांगतो. मध्ये अडवू नका — एकदा थांबलो तर परत सुरू व्हायचं नाही.

पण आधी ते दिवस सांगू दे. नाद खुळा दिवस होते ते! कोल्हापूरजवळ उचगावात कोपऱ्यावर माझं मोबाईलचं दुकान. रिचार्ज, कव्हर, रिंगटोन. लोकांना वाटायचं मोबाईल म्हणजे बोलायचं यंत्र. आणि एक दिवस कंपनीकडून मेसेज आला, सेटिंग सेव्ह करा. केली. बटण दाबलं, पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली, आणि — आलं की! इंटरनेट! माझ्या तळहातावर! काड्यापेटीएवढा पडदा, चार ओळी मावायच्या, पण मी दुकानाबाहेर येऊन ओरडलो होतो. शेजारचा पानवाला म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली काय?" त्याला काय सांगणार? लॉटरीच होती.

मग मला झोप येईना. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, पुस्तकं आणली, खटपट केली, आणि मोबाईलवर उघडणारं पेज बनवलं. कशाचं? ओळखा! स्थळांचं. 'सोयरीक' नाव ठेवलं. उपवर मुलामुलींची माहिती, तिकिटाएवढा फोटो. मराठी अक्षरं फोनवर यायचीच नाहीत, नुसते चौकोन दिसायचे. म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी. कोण 'लग्न' कसं लिहील सांगता यायचं नाही. 'Porga bara ahe' असं कुणी लिहिलं की पोरगा बरा आहे की बारा आहेत, हे आपणच ठरवायचं. हसून हसून पोट दुखायचं.

आणि त्यात माझी एक शक्कल होती. त्या शक्कलेचा मला लई गर्व होता. मुलीसाठी वेगळी चौकट. स्थळ पाहून तिला काय वाटतं ते तिनं स्वतः लिहायचं, आणि ते फक्त माझ्यापर्यंत येणार. घरातलं कुणी वाचणार नाही. मी लोकांना छाती पुढं काढून सांगायचो, पावणं, मुलीचं मन कळणारं पेज आहे हे! पुण्यामुंबईत तरी आहे का असलं?

कागलचे आप्पा याच चौकटीवर भाळले. शेती, दोन म्हशी, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारं लिंगायत कुटुंब. महादेवी त्यांची एकुलती एक. तिची आई लवकर गेलेली. पोरीला लग्नाचं तोंडावर विचारायला आप्पांची जीभ रेटेना. हुपरीचं स्थळ आलं होतं — पैंजण घडवणारं घर, मुलगा चांगला, माणसं चांगली. आप्पा दुकानात येऊन म्हणाले, "तिच्या मनाला येत नसलं तर मी सुपारी फोडायचो न्हाई. तुमच्या त्या पेजावर तिला लिवू द्या. काय लिवंल ते मला सांगा, बास."

मी त्यांच्या फोनमध्ये पेज उघडून दिलं. ते फोन घरी घेऊन गेले, पोरीच्या हातात दिला आणि स्वतः गोठ्यात जाऊन बसले, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी माझ्याकडं उत्तर आलं. दोनच शब्द. Beda anna.

सांगा, तुम्ही काय वाचलं असतं? मी वाचलं — पेढा आणा! 'प'च्या जागी 'ब' पडलाय, एक 'n' जास्त झालाय, असल्या चुका तर रोजच्या. पोरगी लाजत लाजत पेढे मागतीया की! मी दुकानात अक्षरशः नाचलो. माझ्या पेजवर जुळलेली पहिली सोयरीक! लगेच आप्पांना फोन लावला. "आप्पा, पेढे आणा म्हणतीया तुमची लेक!" पलीकडून त्यांनी एकदा "खरं?" विचारलं. मग ते नाक ओढत म्हणाले, "तिची आय असाय पायजे होती."

साखरपुडा ठरला. मी पेढ्यांचा बॉक्स आणून काउंटरवर ठेवला, येईल त्याला पेढा आणि गोष्ट. एका साप्ताहिकाचा माणूस म्हणाला, फोटो छापू, 'मोबाईलवर जुळली सोयरीक'. मी नवा शर्ट शिवायला टाकला. काय तो तोरा! बायको म्हणाली, "लग्न तुमचंच हाय काय परत?"

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी निपाणीकडचा एक ट्रकवाला रिचार्जला आला. मी पेढा पुढं केला. त्यानं दोन्ही हात हलवले. "बेडा, अण्णा, बेडा. शुगर अदं."

मी म्हटलं, घ्या की, लग्नाचा आहे.

"बेडा म्हणजे नको हो," तो हसून मराठीत म्हणाला. "नको, दादा. शुगर आहे मला."

पेढा माझ्या हातातच राहिला. तो माणूस गेला, पुढचं गिऱ्हाईक आलं, मी चुकीच्या नंबरला रिचार्ज मारला. फोन काढून परत वाचलं. Beda anna. नको, दादा. घाईत, भीतीत, मनातलं लिहायचं तर माणूस घरचीच भाषा लिहिणार ना? आणि मला 'दादा' म्हणाली होती ती. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म काढून मला एवढं कानडी येऊ नये? — पण नाही, मी हे चुकीचं सांगतोय. वाचण्यातली चूक ही माझी कबुली नाहीच. तसली चूक कुणाचीही होते. पुढचं ऐका.

मी गाडी काढली. कागलला गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथ. आप्पांच्या दारात मांडव चढत होता. आचारी चुलवाण मांडत होते. हुपरीची माणसं साखरपुड्याची ताटं बघायला आली होती. आप्पांनी मला बघितलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. "हेच ते, ह्यांनीच माझ्या लेकीचं मन मला सांगितलं!" आणि मी — मी हसलो. कोणी चहा दिला, प्यालो. एका शब्दाचं काम होतं. आप्पा सोयरीक मोडणारे होते हो! त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मग कशाला भ्यालो? लोक हसतील म्हणून? पेजाचं नाव जाईल म्हणून? फोटो छापायचा राहील म्हणून? तिन्ही. फोटोसाठी तर जास्तच.

परत येताना रस्त्यात गाडी थांबवून तिचा मेसेज पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी फेटा बांधून मी पुढच्या रांगेत बसलो. महादेवीनं पाटावर बसताना एकदा वर पाहिलं, सरळ माझ्याकडं. मी फेटा सारखा करत बसलो. फोटो छापून आला, लग्न लागलं, पेजवर पुढं पुष्कळ स्थळं आली, दुकान वाढलं. तिला का नको होतं? मला आजही ठाऊक नाही. मी विचारलंच नाही ना.

मग कितीतरी वर्षांनी, बोटानं चालणारे फोन आल्यावर, ती दुकानात आली. काच बसवून घ्यायला. केसात थोडी पांढरी बट, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. मी ओळखलं, तिनंही. इकडचं तिकडचं झालं. आप्पा गेल्याचं तिनं सांगितलं. मग सहज, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "अण्णा, तुमच्या त्या पेजवर मी एकदा लिहिलं होतं. ते पोचलंच न्हाई काय?"

पंधरा-वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो म्हणा ना. आणि तोंडातून काय निघालं?

"न्हाई हो ताई. त्या टायमाला रेंजच नसायची."

"म्हणजे आप्पाच खोटं बोलले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणायचे, पोरी, तूच पेढे मागितलेस. मी त्यांच्याशी त्यावरनं नीट बोलले न्हाई कधी. वाटायचं, कधीतरी तुम्हाला विचारावं, आप्पा खरं सांगत असतील तर त्यांची माफी मागावी. बरं झालं विचारलं."

मी काच बसवली. कपड्यानं पुसून फोन तिच्या हातात दिला. ती गेली.

आप्पा खोटं बोलले नव्हते.