गालावरची चकाकी

ही गोष्ट बरीच वर्षं मी टाळत आलो. इतका किरकोळ विषय सांगितला तर लोक हसतील, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिच्यात मी बरा दिसत नाही.

सोनाळ्याला बायकोच्या भाचीचं लग्न होतं. खरेदीसाठी मी, बायको आणि सून जळगाव जामोदहून मलकापूरला गेलो. साड्या झाल्यावर सून आम्हाला मेकअपच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या मुलीनं परदेशी कंपनीची एक छोटी डबी उघडली. हायलायटर म्हणे. गालाच्या उंचवट्यावर लावलं की तिथं उजेड पडल्यासारखं दिसतं. बायकोनं जन्मभर पावडर-कुंकवापलीकडे काही लावलं नव्हतं. सुनेच्या आग्रहानं ती स्टुलावर बसली. मुलीनं एका गालावर ब्रश फिरवला.

बायकोनं आरशात पाहिलं. मान जराशी वळवून पुन्हा पाहिलं आणि मला विचारलं, "कशी दिसते हो?"

छान दिसत होती. पण मी नुकतीच किंमत ऐकली होती, आणि दुकानात गिऱ्हाइकं होती. म्हणालो, "कंदील पेटवल्यासारखी दिसून राह्यली. या वयात काऊन पाहिजे तुले?"

सगळे हसले. तीही हसली. पदरानं गाल पुसत म्हणाली, "चला, बस चुकीन."

बसमध्ये तिचा तोच गाल माझ्या बाजूला होता. पुसूनही थोडी चकाकी राहिली होती.

पुढचे काही दिवस मी ते हायलायटर तिच्यासाठी घ्यावं की नाही याच विचारात होतो. एवढ्याशा डबीसाठी इतके पैसे? लग्नानंतर ती पडूनच राहणार. मग आठवलं, माझा मोबाइल घेताना मी एका दिवसाचाही विचार केला नव्हता. शेवटी बँकेचं काम सांगून एकटाच मलकापूरला गेलो आणि डबी घेऊन आलो.

आमच्या घरी मिक्सर असो की घड्याळ, नवी वस्तू आधी देवापुढे ठेवतात. बायको तिला हळदकुंकू लावते, मग ज्याची त्याला देते. मी डबी गुपचूप तिच्या हातात देणार होतो. पण दारातच सुनेनं पिशवी पाहिली, आणि डबी देवापुढे गेली. बायकोनं कुंकवात बोट बुडवलं.

"कोणाचं हो हे?"

सून उभी होती, मुलगा उभा होता. मुलगा गालातल्या गालात हसतोय असं मला वाटलं.

"सूनबाईचं," मी म्हणालो.

बायकोनं डबीच्या खोक्याला कुंकू लावलं आणि ते सुनेच्या हातात दिलं. "घे वं. सासऱ्यानं आठवणीनं आणलं."

लग्नाच्या दिवशी सून म्हणाली, "आई, तुम्ही पण लावा नं."

"नको माय. कंदील दिसीन मी."

माझ्याकडे न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता.

आजही दुपारी आम्ही दोघंच घरात असतो. ती तूर निवडते, मी पेपर वाचतो. कधी मी म्हणतो, "ऐक वं." ती मान वर करते, "काय हो?" आणि मी चहा मागतो. मागायची असते माफी. त्या दिवशी तू छान दिसत होतीस, आणि ती डबी तुझीच होती, एवढंच सांगायचं असतं.