खोली राखणाऱ्या आत्याबाई

लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, माझ्या नवऱ्याचा निळा शर्ट दर सोमवारी धुऊन वाळत पडलेला असायचा. नवरा तेव्हा मस्कतला होता. मीही मस्कतलाच होते आणि आमची दोन्ही मुलंही. खोलीत होत्या त्या फक्त आत्याबाई, ह्यांच्या सख्ख्या आत्या. कपाटातला स्वच्छ शर्ट काढायचा, साबण लावून खसाखसा धुवायचा, दोरीवर टाकायचा आणि संध्याकाळी घडी घालून परत कपाटात ठेवायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच शर्ट, तोच साबण. शुक्रवारी माझी साडी. मुलांचे कपडे मधल्या वारी. अंगात न घालता विरलेले कपडे जगात फक्त आमच्याच कपाटात असतील.

सकाळी त्या दार सताड उघडत आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडत, ‘‘गो सुनबाय, उठलंस काय? च्याय थंड झाली!’’

सुनबाई तिकडे एसीत घोरत पडलेली असे.

हे वेड नव्हतं. आमची खोली पागडीची. भाडेकरू राहत नाही, खोली बंद असते, असं घरमालकाला दाखवता आलं तर खोली हातची जाईल, हा धाक चाळीत प्रत्येकाच्या पोटात होता. मालकाचा मेहताजी न सांगता येई आणि गॅलरीतून चक्कर मारी. आत्याबाई त्याला हटकून चहा देत. ‘‘बाबलो कामार गेलो, सून बाजारात, पोरां शाळेत. तुमी बसा.’’ बाबलो म्हणजे आमचे हे. एकदा मेहताजी दोरीकडे बघत म्हणाला, ‘‘आजी, साहब को ये शर्ट बहुत पसंद है. जब आता हूं, यही सूखता है.’’

‘‘लाडको शर्ट तो. बायलेपेक्षा लाडको,’’ आत्याबाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यापासून दोरीवर एक पांढराही दिसू लागला.

त्यांचं म्हणणं असे, ‘‘घर रवणाऱ्याचां, नायतर उंदराचां.’’

आता हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. तो बायको आणि तान्हं मूल घेऊन जर्मनीला निघालाय. परवा समोर बसला आणि म्हणाला, ‘‘आजी, तू फॅमिली घेऊन बाहेर राहिलेली आहेस. काय काय प्रॉब्लेम येतात, सांग ना.’’ त्याने स्वतःच पाढा वाचला. घर मिळणं, भाषा, बाळाचं पाळणाघर, बायकोची सुटणारी नोकरी, थंडी. सगळं बरोबर होतं. मी विचारलं, ‘‘आणि मागे कोण राहणार?’’

‘‘मागे? कोणीच नाही गं. फ्लॅट भाड्याने देणार.’’

‘‘छान,’’ मी म्हटलं आणि चहा करायला उठले. एरवी मला गप्प करणं त्याच्या आजोबांनाही कधी जमलं नव्हतं.

आमच्या वेळी ‘मागे कोण’ हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी शोधलं होतं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि स्वतःला चाळीतली सर्वांत हुशार बाई समजणारी. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. ह्यांना मस्कतला ड्राफ्ट्समनची नोकरी लागून बायकोमुलांचा व्हिसा मिळाला, तशी सगळी माणसं डोकं धरून बसली की खोलीचं काय करायचं. मी पदर खोचून म्हटलं, ‘‘आत्याबाईंना आणू या की. तिकडे एकट्याच तर असतात.’’

एकट्याच तर असतात! जणू विधवा, बिनमुलाची बाई म्हणजे दारामागे ठेवलेली घडीची खुर्ची. पाहुणे आले की उघडायची.

एकट्या कसल्या? वेंगुर्ल्याकडे नवऱ्यामागे राहिलेलं त्यांचं घर होतं, एक गाय होती, परड्यात काजूची झाडं होती. गावातल्या बायकांचं सासूशी वाजलं, जावेशी बिनसलं की त्या आत्याबाईंच्या पडवीत येऊन बसत. आत्याबाई दोन्हीकडचं ऐकून घेत, दोघींनाही शिव्या घालत आणि दोघींनाही पेज वाढत. हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा त्या पडवीत मी स्वतः बसून सासूबाईंविरुद्ध गाऱ्हाणं घातलं होतं. तरीही ‘एकट्याच तर असतात’.

गाय शेजाऱ्याकडे बांधून आत्याबाई आल्या. ‘दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे’ असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बोटं मोजून हिशेब वगैरे केला नाही. खोलीभर एकदा फिरल्या, खिडकी उघडली, समोरच्या इमारतीची भिंत बघितली आणि म्हणाल्या, ‘‘हय वारो खंयसून येता?’’

वारा येतच नसे. आम्हाला ते तोवर लक्षातही आलं नव्हतं.

मस्कतच्या पहिल्या वर्षात मी इतकी रडले की त्या वाळवंटात तेवढाच पाऊस. शेजारीण दार लावून घ्यायची. दुकानात काही मागायला गेले की हातवारे करावे लागत. आमच्या मिनूने शाळेत डबा खायचं सोडलं होतं, राजूला कुणी मित्र नव्हता, आणि हे कामावरून येत ते उन्हाने शिजून, तोंडातून शब्द न काढता झोपायला. चाळीत ज्या आवाजांनी डोकं उठायचं, ते आवाज ऐकायला मी दुपारी नळ सोडून ठेवायची. हसू नका. खरंच सोडायची.

चाळीत शेजारच्या चव्हाणांकडे फोन होता. महागडा कॉल लावून मी आत्याबाईंना बोलवून घेई आणि हुंदके देई. ‘‘इथे माझं कोणी नाही, आत्याबाई. इथे मला कोणी ओळखत नाही.’’ त्या ऐकून घेत. मग म्हणत, ‘‘रोप उपटून लावल्यार पानांका इचारू नये, मुळांका इचारूचां. मुळांका वेळ लागता. रडून घे, चेडवा.’’

किती शहाणी बाई, मी ह्यांना सांगे. कुठून सुचतं हिला!

कुठून सुचणार? चव्हाणांच्या खोलीत, परक्या लोकांच्या टीव्हीशेजारी रिसीव्हर कानाला लावून उभी असलेली ती बाई स्वतः चार महिन्यांपूर्वी उपटून आणलेली होती. तिला तिथे तरी कोण ओळखत होतं? पण हे कळायला मी फोन लवकर संपवून तिला बोलू द्यायला हवं होतं. मी ‘तुम्ही कशा आहात?’ हे नेहमी अगदी शेवटी विचारायची, फोन ठेवता ठेवता. मग उत्तरही तेवढंच येई. ‘‘माका काय धाड भरली हा? बरी असंय.’’

दर मे महिन्यात आम्ही मुंबईला यायचो. तो महिना आत्याबाईंचा. खोलीत आम्ही असणार, त्यांनी गावी जाऊन यायचं, असं पहिल्यापासून ठरलेलं. आम्ही टॅक्सीतून उतरायचो तेव्हा त्यांची कापडी पिशवी दाराशी तयार असे. आणि माझं काहीतरी निघे. ‘‘आत्याबाई, चार दिवस थांबाल का? दादरला माझ्या भाचीचं लग्न आहे.’’ मग माटुंग्याला मैत्रीण. मग शिंप्याकडे ब्लाउज. मुलांना कुठे ठेवू? मुलं तर तुमच्याशिवाय जेवतच नाहीत!

आणि मी जायची तरी कशी! केसांवर गॉगल चढवून, अंगाला मस्कतचं अत्तर चोपडून, बांगड्या कोपरापर्यंत. त्या थाटात मी मसाला गल्लीत मिरच्या घ्यायला गेले होते. मिरचीवाल्याने नाक दाबलं. मिरचीचा धंदा करणारा माणूस, त्याला माझं अत्तर सोसेना.

चार दिवसांचा महिना होई. आमचं विमान जवळ आलं की आत्याबाई पिशवीतली दोन लुगडी काढून परत खुंटीला लावत. ‘‘बगूया, फुडल्या वर्साक,’’ म्हणत. कुरकुर नाही, टोमणा नाही. मला वाटे, त्यांना इथेच आवडू लागलंय. सोयीचं ते माणसाला फार पटकन खरं वाटतं.

एका वर्षी मात्र त्या गेल्या. पाचव्या दिवशी परत. मी म्हटलं, ‘‘एवढ्यात आलात? का हो?’’

‘‘गाय माका वळखूक नाय.’’

मी हसले. म्हणजे मोठ्याने, मान मागे टाकून हसले. ‘‘अहो, गाय ती! ती काय ओळखणार?’’ आत्याबाईही हसल्या. परक्याच्या घरी विनोद कळला नाही तरी माणूस हसतं, तशा. मग आत जाऊन त्यांनी मिनूचा फ्रॉक भिजत घातला.

दोन वर्षं मुलांच्या शाळेपायी लांबली, शाळा संपली ती कॉलेजपायी लांबली. नंतर बातमी आली की चाळ पाडून टॉवर होणार, आता तर खोली अजिबात सोडायची नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हीच पंचाईत. खोटं असतं तर एखाद्या रात्री तरी लाज वाटली असती. ह्यांना वाटायची अधूनमधून. ‘‘आतेला आता मोकळं करायला हवं,’’ ते म्हणत. ‘‘करू ना,’’ मी म्हणे. त्यावर आत्याबाईंचं काय म्हणणं? ‘‘दिसाक दिस जोडूचो. वर्सां आपसूक जातत.’’

आम्ही कायमचे परत आलो तेव्हा मुलं हाताशी आलेली आणि आत्याबाई वाकलेल्या होत्या. आल्या संध्याकाळी मी जिन्यात होते. वरच्या मजल्यावर नवीन आलेली एक सून आत्याबाईंना विचारत होती, ‘‘आजी, तुम्ही मूळच्या इथल्याच का?’’

‘‘नाय गो. वेंगुर्ल्याकडची मी. हय कामाक इलंय.’’

कामाला आले आहे! मी पिशव्या हातात धरून तशीच उभी राहिले. इतकी वर्षं गावभर आम्ही ‘परदेशी कामाला गेलेले’. आमचं कौतुक, आमचे हाल, आमच्यासाठी नवस. आम्ही निदान चौघं गेलो होतो, एकमेकांच्या अंगावर खेकसायला तरी माणसं होती. घरदार सोडून खरोखर एकटी परमुलखात कामाला गेली होती ती आमच्या खोलीत बसून होती. तिला सुट्टी देणं माझ्या हातात होतं आणि मी ती दर मे महिन्यात माझ्या ब्लाउजांवर घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी दाराशी. ‘‘बाबल्या, माझी नोकरी संपली.’’

ह्यांनी माणूस पाठवून गावचं घर नीट करून घेतलं आणि आम्ही दोघं त्यांना पोचवायला गेलो. मागची भिंत नवी होती, कौलं नवी होती, गाय केव्हाच मेली होती. आत्याबाई पडवीत बसल्या. रस्त्याने जाणाऱ्या दोघी बायका थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, ‘‘कोण गो ही? मुंबयची पावणी?’’ आत्याबाईंनी स्वतःच नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, सासऱ्याचंही सांगितलं. बायकांनी हसून मान हलवली आणि त्या पुढे गेल्या.

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याभोवती घुटमळत राहिले. शेवटी विचारलंच, ‘‘आता बरं वाटतंय ना, आत्याबाई?’’ हो म्हणा, एवढंच मला हवं होतं.

‘‘बरां नाय वाटणा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पयलो परदेस लगीन करून ह्या गावात इलंय तो. दुसरो लालबागाक. आता ह्यो तिसरो.’’

‘‘मग चला परत आमच्याबरोबर.’’

‘‘नको. आता उपटू नको.’’

त्या तिथे आणखी दोन पावसाळे राहिल्या आणि तिथेच गेल्या. शेवटी शेवटी एक-दोघी सुना भांडण घेऊन पडवीत यायला लागल्या होत्या, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं. हे ऐकून मला जेवढं रडू आलं तेवढं त्यांच्या जाण्यानेही आलं नव्हतं. चाळ पडली, टॉवर झाला. मी आज जिथे बसून लिहिते आहे त्या बाविसाव्या मजल्यावर वारा चारी बाजूंनी येतो. दारावरच्या पाटीवर आमची नावं आहेत. आत्याबाईंचं कुठेच नाही.

त्यांना पोचवून निघालो त्या सकाळी मी पाया पडले. म्हटलं, ‘‘आत्याबाई, मला माफ करा.’’

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वाटलं, आता म्हणतील, जांवदे गो, तुझो काय दोष. सगळी मोठी माणसं असंच म्हणतात आणि आपण हलके होऊन गाडीत बसतो.

‘‘माफ करूचां माका जमाचां नाय, चेडवा,’’ त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. ‘‘आणि राग धरूचांय जमाचां नाय. दोघांच्या मधी जां काय असता, तां तू घेवन जा.’’

घेऊन आले. ठेवायला जागा अजून सापडलेली नाही.